जाहिरात खालून वाचायची

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली की मी चष्मा घेऊनच बाहेर येते. दारात कुणीतरी मोबाइल पुढे धरून उभं असतं. “अक्का, ही जाहिरात बघा की. माझं बसतंय का ह्यात?”

आमचं घर सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत. चौकाच्या जवळच सामाजिक न्याय भवन आहे. जात पडताळणीच्या कामासाठी अक्कलकोट, बार्शी, सांगोला, मंगळवेढा अशी जिल्हाभरातून पोरं तिथं येतात. त्यांतली कुणी नात्यातली, कुणी ओळखीच्यांच्या ओळखीची. काम उरकलं की माझ्याकडे वळतात. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढली. १९९० मध्ये रोजंदारीवर लागले आणि २०२५ मध्ये तंत्र सहायक म्हणून निवृत्त झाले. भरतीच्या जाहिराती आधी अर्जदार म्हणून वाचल्या. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेची मांडामांड माझ्याकडे आली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूनंही भरती पाहिली.

तंत्रशास्त्राचं विद्यापीठ म्हटलं की लोकांना प्राध्यापक आठवतात. पण संशोधन सहायक, प्रकल्प सहायक, प्रयोगशाळा सहायक, परिचर, यंत्र चालवणारे, खरेदी बघणारे लिपिक, ग्रंथालयातली माणसं यांच्यावाचून तिथला एक दिवस ढकलत नाही. या जागांविषयी मला जे कळलं ते लिहून ठेवते आहे. रोज दारात तेच सांगताना एखादी गोष्ट सुटते, आणि सुटलेलीच नेमकी कुणाला तरी नडते.

१. जाहिरात खालून वर वाचायची

वर संस्थेचं नाव, मग पदांचा तक्ता, त्यात पगाराचा आकडा. पोरं तेवढं बघून अर्ज भरायला बसतात. खरी जाहिरात तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरांत असते. पद निव्वळ तात्पुरतं आहे. मानधन एकत्रित आहे. पदसंख्या बदलू शकते. मुलाखतीसाठी प्रवासभत्ता मिळणार नाही. अर्हता अंतिम दिनांकापर्यंत पूर्ण झालेली हवी. या शेवटच्या ओळीनं दरवर्षी कितीतरी जण बाद होतात. निकाल जूनच्या वीस तारखेला लागणार आणि अर्जाची मुदत पंधराला संपणार असेल, तर शेवटच्या सत्रात कितीही गुण पडले तरी उपयोग नाही.

१९९१ साली एका संस्थेच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. जाहिरात ‘संचार’ दैनिकातून कापून वहीत चिकटवली होती. पन्नास रुपयांचा डीडी काढायचा होता, तो आईनं भिशीच्या पैशातून दिला. डीडी त्या संस्थेच्या गावी वटणारा हवा, अशी ओळ सर्वांत खाली होती. मी सोलापूरला वटणारा काढला. अपात्र यादीत नाव आलं, कारणासकट. आईला ते कारण समजावून सांगताना मला रडू आलं होतं. तेव्हापासून कुठलीही जाहिरात हातात आली की मी तळापासून सुरुवात करते.

आता डीडी फारसे उरले नाहीत, चुका मात्र उरल्या. शुल्क कापलं जातं आणि अर्ज शेवटच्या पायरीवर अडकून राहतो. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत, सगळ्या दाखल्यांसह, ठरल्या तारखेच्या आत पोस्टानं मागवणाऱ्या संस्था अजून आहेत. प्रत पाठवली तरी तारीख बघायची असते ती पोहोचल्याची, टाकल्याची नाही. पाकिटावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक लिहायला सांगितलं असेल तर लिहावं. आवक कक्षात दिवसाला शेकडो पाकिटं येतात, वर नाव नसलेलं पाकीट कुठल्याही गठ्ठ्यात जाऊ शकतं. अर्ज गेल्यावरही मुदत संपेपर्यंत संस्थेच्या संकेतस्थळावर रोज एकदा नजर टाकावी. शुद्धिपत्रक तिथंच येतं, घरी कळवायला कुणी येत नाही.

२. पद कुणाच्या पैशावर उभं आहे ते आधी बघायचं

संशोधन आणि साहाय्याच्या जागा दोन तऱ्हेच्या. एक आकृतिबंधातली मंजूर पदं. शासन किंवा संस्था त्यांचा पगार देते, बिंदुनामावली तपासून जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, निवड झाली की परिवीक्षा. दुसरी प्रकल्पावरची. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून किंवा अशाच संस्थेकडून तीन वर्षांचा प्रकल्प मिळतो आणि त्या पैशातून एक-दोन माणसं घेतली जातात. पैसा संपला की पद संपलं. कुणाची चूक नसते, कुणाची मर्जीही चालत नाही.

दोन्हींत चांगलं-वाईट आहे. मला राग येतो तो पोरांना हा फरक कुणी सांगत नाही याचा. कनिष्ठ संशोधन अधिछात्र, ज्याला सगळे जेआरएफ म्हणतात, त्याला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये लागू झाले. दोन वर्षांनी वरिष्ठ झाला की ४२,०००. वर घरभाडं, ते शहराच्या वर्गाप्रमाणं. मुंबई-पुणे एक्स वर्गात, आपलं सोलापूर वाय वर्गात. आकडा ऐकून घरात पेढे येतात. पण हे अधिछात्रवृत्तीचे पैसे आहेत, नोकरीचा पगार नव्हे. शिवाय त्यासाठी नेट किंवा गेट लागतं. ते नसेल तर त्याच टेबलावर, त्याच यंत्रावर दुसरा माणूस कमी रकमेत प्रकल्प सहायक म्हणून बसतो. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. म्हणून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ती परीक्षा द्यावी, पुढे शिकायचं पक्कं नसलं तरी.

आणखी एक. प्रकल्पाचं अनुदान हप्त्यानं येतं. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये हे चाक हमखास रुततं. चार-चार महिने मानधन न मिळालेली मुलं मी माझ्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खाताना पाहिली आहेत. मागून रक्कम एकदम मिळते हे खरं, पण घरमालक मागून भाडं घेत नाही. रुजू होताना तीन महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी असावी. नसेल तर घरी आधीच सांगून ठेवावं.

मुलाखतीत उमेदवारानंही विचारावं: प्रकल्प कधी सुरू झाला, किती महिने उरले, पीएचडीची नोंदणी मिळेल का. पीएचडीला नियमानं किमान तीन वर्षं लागतात, सहापर्यंत जाऊ शकतात. प्रकल्पाचं दीडच वर्ष उरलं असेल तर पुढचा खर्च कशातून भागवायचा, हे त्या दिवशीच कळलेलं बरं. असं विचारल्यानं कुणी नाराज होत नाही. चांगले मार्गदर्शक तर सरळ उत्तर देतात.

३. दाखले जाहिरात येण्याआधी काढायचे

माझी भाची २०१४ साली एका संस्थेत प्रयोगशाळा सहायक म्हणून निवडली गेली. राखीव जागा, यादीत पहिलं नाव. जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं, नुसता जातीचा दाखला होता. मुदत मिळाली आणि मग सगळ्या घराची धावाधाव सुरू झाली.

आमच्यासारख्या सीमेवरच्या घरांची अडचण वेगळीच. आजोबा इंडी तालुक्यातून गिरणीत कामाला आले. इंडी आज कर्नाटकात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आमच्याकडे तोंडी आठवणी भरपूर होत्या, कागद एकही नव्हता. शेवटी थोरल्या काकांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. १९५८ ची नोंद, शाईनं लिहिलेली, जातीच्या रकान्यासह. तो हाती येईपर्यंत मुदत संपली होती. जागा प्रतीक्षा यादीवरच्या मुलीला गेली. तिचा त्यात काय दोष? पण भाची वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही, कारण या खात्यात असून मी तिला हे आधी बजावलं नव्हतं. तिचं बरोबर होतं.

तेव्हा बारावीलाच वैधता काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघत राहा. अधिवास, एमएससीआयटी, लिपिक पदासाठी टंकलेखन मराठी ३० आणि इंग्रजी ४०, दिव्यांगत्व असेल तर त्याचं प्रमाणपत्र, सगळं एका फाईलला. लग्न झालेल्या मुलींनी नावबदलाचा कागद जोडावा आणि जातीचे कागद माहेरचे, वडिलांच्या बाजूचे लागतात हे ध्यानात ठेवावं. सासरच्या कागदांवर दोन-दोन महिने घालवलेल्या मुली माझ्याकडे येतात. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्या रकान्यावर खूण करायला विसरू नये.

४. क्यूब टाकीत ठेवणारा माणूसही संशोधन करत असतो

इथं मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण पस्तीस वर्षांत माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच. कोळसा जळाला की राख उरते. ती सिमेंटमध्ये मिसळता येते. बाजारात मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असते. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक प्रकल्प अधिछात्र होता, पंढरपूरकडचा, अबोल आणि कष्टाळू. काँक्रीटमधलं ३० टक्के सिमेंट काढून राख घालायची आणि ताकद मोजायची, हे त्याचं काम. १५० मिलिमीटरचे चौकोनी साचे, तीन थरांत भरायचे, प्रत्येक थराला लोखंडी सळईचे ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा आणि क्यूब पाण्यात. पाण्याचं तापमान २७ अंश, फार तर दोन अंश इकडे किंवा तिकडे.

आता हे २७ अंश सोलापूरच्या मे महिन्यात कुठून आणायचे? बाहेर ४३. पत्र्याखालची टाकी दुपारी हाताला कोमट लागते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. मी सकाळी सातला जाऊन टाकीवर ओली पोती टाकायची, दुपारी पुन्हा भिजवायची, पाणी येण्याच्या दिवशी पिंपं भरून सावलीत ठेवायची. दिवसातून तीनदा तापमान वहीत लिहायचं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पण पाणी तापलं की क्यूब सुरुवातीला लवकर ताकद धरतो आणि पुढे मागे पडतो, म्हणजे येणारा आकडा राखेचा न राहता उन्हाचा होतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब फोडले. राखेचे साध्या काँक्रीटपेक्षा कमी भरले. पोराचा चेहरा उतरला. त्याचे सर परगावी होते. त्यानं वहीत ‘अयशस्वी’ असं लिहायला घेतलं. मी म्हटलं, “थांब की बाळ. मी सहा क्यूब जास्तीचे ओतून ठेवलेत. नव्वद दिवस होऊ दे.” राखेचं काम सावकाश चालतं. सिमेंट पाण्याशी मिळालं की चुना सुटतो आणि त्या चुन्याशी राख हळूहळू जोडली जाते. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी टाकीपाशी पाहिलं होतं, पंचवीस वर्षं क्यूब फोडून. ऑगस्टमध्ये ते सहा क्यूब फुटले तेव्हा आकडा साध्या काँक्रीटच्या पुढे गेला होता. तो मुलगा यंत्राच्या काट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

त्याच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव आहे. ते पान मी जपून ठेवलंय. तरी मनात येतंच, की जाहिरातीच्या तक्त्यात प्राध्यापक वर, सहयोगी त्याखाली, आणि प्रयोगशाळा सहायक व परिचर तळाशी, कधी तर दुसऱ्या पानावर. निवृत्त झालेल्याची जागा भरायची वेळ आली की याच जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवतात किंवा बाहेरच्या ठेकेदाराकडे देतात. मग लाखो रुपयांचं यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहतं, कारण ते चालवणारा हात नाही. कुठल्याही एका संस्थेची ही गोष्ट नाही. चहाला भेटणारे सगळीकडचे सहकारी हेच सांगतात. मला हे फार चुकीचं वाटतं आणि मी ते जाईन तिथं बोलते.

म्हणून दारात येणाऱ्यांना मी विचारते, “ही जागा तुला काय म्हणून हवी? दुसरं काही मिळालं नाही म्हणून?” तसं असेल तर तेही समजू शकते, घर चालवायचं असतं. पण या कामाला मान देऊन आत येणारा माणूस पाच वर्षांत सगळ्या विभागाचा आधार होतो.

५. प्रात्यक्षिकात हात बघतात

साहाय्यक पदांच्या परीक्षेत लेखीनंतर पुष्कळदा प्रात्यक्षिक असतं. त्याची तयारी कुणी करत नाही. सगळे सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ करतात.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत परीक्षक सरांनी उमेदवारांना एवढंच सांगितलं: टाकीतून क्यूब काढा आणि दाबयंत्रात ठेवा. चौदापैकी अकरा जणांनी ओला क्यूब तसाच ठेवला, ओतल्यावर थापीनं सारखी केलेली बाजू वर करून. ती बाजू खडबडीत असते, दाब सारखा बसत नाही. पृष्ठभाग पुसायचे, चिकटलेले वाळूचे कण काढायचे आणि क्यूब असा फिरवायचा की थापीची बाजू आडवी, कडेला येईल. तीन जणांनी ते केलं. त्यांतली एक मुलगी पदविकेला जेमतेम पहिल्या वर्गात होती. ती आज तिथं कायम आहे. एम-२० च्या क्यूबला किती भार लागेल, असं तिला विचारलं तेव्हा तिनं तोंडी हिशेब केला: १५० गुणिले १५० म्हणजे २२,५००, गुणिले २०, म्हणजे ४५० किलोन्यूटन. आणि वर म्हणाली, “सर, त्याच्या आत फुटला तर यंत्र नाही, आधी साचा तपासीन.”

आपापल्या शाखेतलं असं एक काम हाताला पक्कं बसलेलं असावं. विद्युतवाल्यानं मल्टीमीटर नीट धरावा, रसायनवाल्यानं ब्युरेटचं वाचन डोळ्याच्या रेषेत घ्यावं. ज्या महाविद्यालयात शिकलात तिथल्या प्रयोगशाळा सहायकाला आठवडाभर मदत करा. तो नाही म्हणणार नाही. त्याला विचारायला कुणी जातच नाही.

६. दूरच्या गावालाही जाऊन यायचं

नावातच तंत्रशास्त्र असलेलं आपलं राज्य विद्यापीठ म्हणजे लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९ चं. रायगड जिल्ह्यात, माणगाव आणि महाडच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गावर. १९९३ मध्ये मी तिथं मुलाखतीला गेले होते. रात्रीच्या एसटीनं पुणे, स्वारगेटहून भोर, वरंध घाट उतरून महाड, तिथून लोणेरे. बरोबर वडील. सोलापूरच्या कोरड्या माळावर वाढलेल्या मला तो हिरवा डोंगर बघून कसंसंच झालं. निवड झाली नाही, माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या मुली होत्या. परतताना वडिलांनी महाडला उतरून चवदार तळं दाखवलं. बाबासाहेबांनी १९२७ साली जिथं पाणी प्यायलं तिथं गिरणीतला एक कामगार आपल्या पदविकाधारक मुलीला घेऊन उभा राहिला. ते म्हणाले, “नोकरी मिळो न मिळो, इथं आलीस हे चांगलं झालं.”

आता ताम्हिणी घाटानं माणगावला उतरणं सोयीचं, वरंध पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो. पुण्याला सीओईपी आहे. १८५४ पासूनची संस्था, २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. माटुंग्याला १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञान संस्था, पवईला आयआयटी. थेट मुलाखतीची वेळ सकाळी नऊ-दहाची असते. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालं तर पुणे येईपर्यंत दहा वाजून जातात. आदल्या दिवशीच जावं. मुलींच्या घरच्यांना मी स्वतः फोन करते, राहण्याची सोय विचारून ठेवते. दोन ठिकाणी जाऊन आलेली मुलगी तिसऱ्या ठिकाणी घाबरत नाही.

७. गावातलीही दारं ठोठावायची

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तेल्या रोगानं आपल्या सांगोला-पंढरपूरच्या बागा उद्ध्वस्त होताना बघितलेल्या घरातल्या मुलांनाही हे केंद्र ठाऊक नसतं. ‘सोलापूर लाल’ वाण तिथलाच. तिथं आणि तशा केंद्रांत प्रकल्पांवर तरुण माणसं घेतात, आणि ती सगळी शेतकी पदवीधरच हवीत असं नाही. संगणक, जैवतंत्रज्ञान, लेखा, प्रयोगशाळा, सगळ्यांची गरज पडते. केगावलाच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, २००४ साली एका जिल्ह्यासाठी झालेलं. जाहिरात ‘तंत्रशास्त्र’ हा शब्द घेऊन आली तरच ती आपली, असं धरून बसू नये.

८. तात्पुरत्या जागेला आपण एक तारीख द्यायची

मी सहा वर्षं रोजंदारीवर होते. १९९६ मध्ये कायम झाले. तेव्हाचा काळ निराळा होता. आज मी कुणालाही सहा वर्षं वाट बघ असं सांगत नाही.

अकरा महिन्यांचा करार, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. तासिका तत्त्वावरचे अध्यापक हे भोगतात, प्रयोगशाळेतली कंत्राटी मुलंही. “पुढच्या वर्षी जागा निघणार आहेत,” हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण त्याच्या हातात काही नसतं. आकृतिबंध मंजूर होणं, बिंदुनामावली तपासून येणं, वित्त विभागाची परवानगी मिळणं, त्यात मधेच आचारसंहिता. माझ्या डोळ्यांदेखत एका हुशार मुलाची नऊ वर्षं या वाक्यावर गेली आणि शेवटी जाहिरात निघाली तेव्हा वयोमर्यादा उलटली होती. त्याला मी वेळेवर हलवलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून रुजू होण्याच्या दिवशीच वहीत तारीख लिहायची: या दिवसापर्यंत इथं राहीन. दोन वर्षं, फार तर तीन. तोवर यंत्र शिकायचं, एखाद्या शोधनिबंधात नाव यावं असं काम करायचं, पुढच्या जागांसाठी अर्ज चालू ठेवायचे. बाहेरच्या चाचणी प्रयोगशाळांना आपल्यासारखी माणसं लागतात. एनएबीएलची मान्यता टिकवायची तर नोंदी ठेवणारा, यंत्राचं अंशांकन सांभाळणारा माणूस त्यांना हवाच असतो.

आणि पैसे देऊन जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. शेत विकून दिलेले पैसे परत आलेले मी एकदाही ऐकले नाहीत.

९. निघताना अनुभव प्रमाणपत्र

रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पदाचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, मानधन, कोणती कामं केली, जावक क्रमांक, सही, शिक्का. यांतलं एक जरी नसलं तरी छाननीत अनुभव धरत नाहीत. ते सोडायच्या दिवशीच हातात घ्यावं. प्राध्यापक बदलून जातात, प्रकल्पाच्या फाईली माळ्यावर जातात.

शेजारच्या घरातली धाकटी मुलगी गेल्या मंगळवारी पुण्याला प्रकल्प सहायकाच्या मुलाखतीला गेली. तिची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात. मला ती लहानपणापासून अक्का म्हणते. फाईल आम्ही दोघींनी मिळून लावली होती. वैधता सगळ्यांत वर. सोमवारी दुपारीच गाडीत बसवून दिली. मंगळवारी बाराच्या सुमाराला फोन आला.

“अक्का, झाली मुलाखत.”

“काय विचारलं?”

“तोंडी थोडंच. मग प्रयोगशाळेत नेलं. टाकीतला क्यूब काढून यंत्रात ठेवायला सांगितला.”

मी खुर्चीवर बसले. “पुसलास का?”

“पुसला की. वाळू पण काढली.”

“आणि?”

“आडवा ठेवला, अक्का. थापीची बाजू कडेला.”